गिरिशिखरावरचा साक्षीदार

१९५३ सालच्या मे महिन्याची २९ तारीख होती. सकाळचे साडेअकरा वाजले होते. जगातील सर्वांत उंच अशा एव्हरेस्ट शिखराच्या माथ्यावर दोन माणसे उभी होती. एक न्यूझीलंडचे एडमंड हिलरी आणि दुसरे शेर्पा तेनसिंग नोर्गे. परस्परांचे अभिनंदन करून झाल्यावर हिलरी यांनी तोंडावरील प्राणवायूचा मुखवटा दूर केला, अंगातील सदऱ्याच्या आत हात घातला आणि तेथून एक लहानसा कॅमेरा बाहेर काढला. जाड हातमोज्यांमुळे बोटे नीट वळत नव्हती. तरीही त्यांनी तो कसाबसा उघडला, भिंगाची तयारी केली आणि तेनसिंग यांना समोर उभे केले. तेनसिंग यांनी आपली बर्फकुऱ्हाड उंच धरली. तिच्या दांड्याला संयुक्त राष्ट्रसंघ, ब्रिटन, नेपाळ आणि भारत यांचे ध्वज बांधलेले होते. वाऱ्यावर ते फडफडले आणि कॅमेऱ्याची कळ दाबली गेली.

ते छायाचित्र पुढे साऱ्या जगाने पाहिले. ते पाहताना आपले लक्ष तेनसिंग यांच्या धीरोदात्त आकृतीकडे जाते, फडफडणाऱ्या ध्वजांकडे जाते आणि मागे पसरलेल्या गडद निळ्या आकाशाकडे जाते. परंतु कॅमेरा पाठीवरील पिशवीत न ठेवता सदऱ्याच्या आत, छातीशी का ठेवला होता, हा प्रश्न फारच थोड्यांच्या मनात येतो. हिलरी यांनी त्याचे उत्तर स्वतःच लिहून ठेवले आहे: तो उबदार राहावा म्हणून. उत्तर लहानसे आहे; परंतु त्यामागे जवळजवळ शंभर वर्षांचा अनुभव उभा आहे.

उंच पर्वतावर कॅमेऱ्याला चार शत्रू असतात: धक्का, थंडी, ओलावा आणि धूळ. यांपैकी धक्का व धूळ हे सर्वांच्या परिचयाचे आहेत. कडा चढताना पिशवी खडकावर आपटते, पाय घसरला की माणूस पाठीवर पडतो, आणि हिमनदीच्या काठची बारीक रेती वाऱ्याबरोबर उडून प्रत्येक फटीत शिरते. राहिलेले दोन शत्रू मात्र अधिक कपटी आहेत. ते दिसत नाहीत, आणि त्यांनी केलेली हानी पुष्कळदा घरी परतल्यावरच लक्षात येते.

प्रथम थंडीचा विचार करू. जसजसे आपण वर जातो तसतशी हवा थंड होत जाते. दर हजार मीटर उंचीमागे तापमान सरासरी सुमारे साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. सात-आठ हजार मीटर उंचीवर ते शून्याच्या खाली वीस-तीस अंशांपर्यंत सहज पोहोचते. अशा थंडीत कॅमेऱ्याच्या यंत्रातील वंगण घट्ट होते आणि क्षणार्धात उघडून मिटणारी झडप आळसावते. फिल्म वापरणाऱ्यांना आणखी एक अडचण सोसावी लागे. फिल्म थंडीने ठिसूळ होऊन गुंडाळताना तुटे. कोरड्या हवेत ती घाईने फिरवली तर घर्षणाने वीज निर्माण होऊन ठिणग्यांचे पांढरे माग छायाचित्रावर उमटत. आजच्या कॅमेऱ्यांत फिल्म नसते, परंतु विद्युतघट असतो. आणि तो थंडीपुढे फार लवकर हार मानतो. घटातील वीज रासायनिक क्रियेतून मिळते. थंडीने ती क्रिया मंदावते, आणि काठोकाठ भरलेला घटही रिकामा असल्यासारखा वागतो. तोच घट काही वेळ अंगाशी धरून ऊब दिली की पुन्हा काम करू लागतो. म्हणजे शक्ती नाहीशी झालेली नसते, ती केवळ गोठलेली असते.

ओलाव्याची तऱ्हा निराळी. उन्हाळ्यात गार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, हे सर्वांनी पाहिले आहे. ते पाणी तांब्यातून पाझरलेले नसते. सभोवतीच्या हवेतील वाफ थंड धातूला लागून त्याचे थेंब झालेले असतात. दिवसभर बर्फात वावरलेला कॅमेरा संध्याकाळी तंबूत आणला की नेमके हेच घडते. तंबूत माणसांचे श्वास असतात, चुलीवरच्या भांड्याची वाफ असते. ती सारी थंडगार भिंगावर आणि यंत्राच्या आतल्या भागांवर दवासारखी बसते. दुसऱ्या दिवशी पहाटे कॅमेरा पुन्हा बाहेर नेला की त्या दवाचे बर्फ होते. मग ना भिंगातून काही दिसते, ना यंत्र हलते.

हे सारे ज्ञान पुस्तकातून आलेले नाही. ज्यांनी आपली उपकरणे डोंगरावर नेली आणि त्यांतील काही तेथेच गमावली, त्यांच्या कष्टांतून ते जमा झाले आहे.

सॅम्युएल बोर्न हे इंग्रज छायाचित्रकार १८६३ साली भारतात आले आणि १८६६ पर्यंत त्यांनी हिमालयात तीन दीर्घ सफरी केल्या. त्या काळी छायाचित्रण म्हणजे एक चालती प्रयोगशाळाच होती. काचेच्या तबकावर कलोडियन नावाचे चिकट द्रव्य पसरायचे, ते तबक चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायचे, आणि ओले आहे तोवरच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे. द्रव्य वाळण्यापूर्वीच ते अंधारात धुऊन पक्के करावे लागे. यास्तव जेथे कॅमेरा तेथे काळोखाचा तंबू हवा, रसायनांच्या बाटल्या हव्यात, पाणी हवे. एवढे सामान वाहण्यासाठी बोर्न यांच्या पहिल्याच सफरीत सुमारे तीस भारवाहक होते. एक बाटली फुटली वा तबकांची एक पेटी कड्यावरून गेली, तर पुढचा सारा प्रवास व्यर्थ ठरण्याची भीती असे. अशा स्थितीत १८६६ साली स्पिती आणि किन्नौर यांच्या मधल्या मणिरंग खिंडीत, सुमारे १८,६०० फूट उंचीवर त्यांनी छायाचित्रे घेतली. त्यापुढील वीस वर्षे त्याहून उंचावरून कोणी छायाचित्र काढले नाही, असे मानले जाते.

भारवाहक ओझी टाकून निघून जातात, अशी तक्रार बोर्न यांनी आपल्या प्रवासवृत्तांतात पुन्हापुन्हा केली आहे. आज ती वाचताना दुसरीही बाजू मनात आल्यावाचून राहत नाही. ज्या कामाचे प्रयोजन त्या डोंगरी माणसांना कोणी समजावून सांगितले नव्हते, त्यासाठी बर्फाळ खिंडीतून परक्याच्या काचा वाहून न्यायच्या, हे त्यांच्या दृष्टीने किती जड गेले असेल! त्या वृत्तांतात बोर्न यांचे नाव राहिले. त्यांची तबके ज्यांच्या पाठीवरून सुखरूप उतरली, त्यांतील बहुतेकांची नावे मात्र राहिली नाहीत.

पुढे कोरडी तबके निघाली. काच आधीच तयार करून नेता येऊ लागली आणि काळोखाच्या तंबूचा भार कमी झाला. तथापि काच ती काचच. इटलीचे व्हित्तोरियो सेल्ला (१८५९–१९४३) यांना पर्वतांची बारीकसारीक रेषाही स्पष्ट दाखवायची होती. म्हणून त्यांनी ३० बाय ४० सेंटिमीटर आकाराची मोठी तबके पसंत केली. अशा एका तबकाचे वजन सुमारे एक किलो भरे. दहा चित्रे घ्यायची म्हणजे दहा किलो काच पाठीवर घेऊन हिमनदी ओलांडायची! सेल्ला यांनी ही तबके वाहण्यासाठी खास खोगिरे आणि पाठपिशव्या स्वतः योजल्या. काच आडवी रचली तर वरच्या भाराने खालची तडकते. म्हणून जाणकार छायाचित्रकार ती खाचा असलेल्या पेटीत उभी ठेवीत, म्हणजे प्रत्येक तबक आपल्या कडेवर उभे राही आणि शेजाऱ्याला घासत नसे. सेल्ला १८९७ साली अलास्काच्या सीमेवरील सेंट एलायस पर्वतावर गेले, १८९९ मध्ये त्यांनी कांचनगंगेभोवतीची प्रदक्षिणा पुरी केली आणि १९०९ साली ते के-टू शिखराच्या पायथ्याशी पोहोचले. त्यांच्या छायाचित्रांवरून पुढील पिढ्यांतील गिर्यारोहकांनी शिखरांच्या धारा, घळी आणि वाटा अभ्यासल्या. काच फुटली असती तर हा अभ्यासच झाला नसता.

हलत्या चित्रांचा कॅमेरा एव्हरेस्टवर नेण्याचे साहस जॉन नोएल यांनी केले. १९२२ सालच्या ब्रिटिश मोहिमेत त्यांनी तिबेटातील तळावर तंबूतच फिल्म धुतली, आणि ती वाळवण्यासाठी याकच्या शेणाचा विस्तव पेटवला. त्या उजाड पठारावर सरपण म्हणून तेवढेच मिळत असे. या अनुभवाने शहाणे होऊन १९२४ साली त्यांनी निराळी व्यवस्था केली. धुण्याचे काम पर्वतावर करायचेच नाही. चित्रित झालेली फिल्म नीट बंदिस्त करून निरोप्यांच्या हाती दार्जिलिंगला पाठवायची, आणि तेथे उभारलेल्या प्रयोगशाळेत ती धुऊन घ्यायची. जे काम डोंगराखाली होऊ शकते ते डोंगरावर न्यायचे नाही, हा त्यांचा निर्णय आजही मोलाचा आहे.

याच १९२४ च्या मोहिमेने गिर्यारोहणाच्या इतिहासात एक कोडे मागे ठेवले. ८ जून रोजी जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू अर्विन हे दोघे शिखराकडे निघाले. दुपारी पाऊणच्या सुमारास त्यांचे सहकारी नोएल ओडेल यांना ढग क्षणभर दूर झाले असता वरच्या धारेवर दोन ठिपके हलताना दिसले. मग ढग पुन्हा दाटले, आणि ते दोघे परत आले नाहीत. ते शिखरावर पोहोचले होते काय? त्यांच्याजवळ खिशात मावेल असा एक लहान कोडॅक कॅमेरा होता, असे समजले जाते. त्यात या प्रश्नाचे उत्तर असण्याचा संभव आहे. १९५३ साली माथ्यावर उभे असताना हिलरी यांनी या दोघांची काही खूण दिसते का, म्हणून सभोवार पाहिले होते. ती दिसली नाही. १ मे १९९९ रोजी मॅलरी यांचा देह ८,००० मीटरहून अधिक उंचीवर सापडला, पण कॅमेरा सापडला नाही. २०२४ साली अर्विन यांच्या पायाचे अवशेष हिमनदीवर मिळाले. मोज्यावर त्यांचे नाव शिवलेले होते. कॅमेरा तेथेही नव्हता.

एवढ्या वर्षांनंतर त्या फिल्मवर काही उरले असेल काय, अशी शंका कोणीही घेईल. याचे उत्तर एका वेगळ्या प्रसंगाने दिले आहे. १८९७ साली स्वीडनचे आंद्रे आणि त्यांचे दोन साथीदार फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि बेपत्ता झाले. १९३० मध्ये, म्हणजे तेहतीस वर्षांनी, त्यांचे अवशेष आर्क्टिक समुद्रातील एका बर्फाच्छादित बेटावर मिळाले. त्यांच्या फिल्मही मिळाल्या, आणि कुशल तंत्रज्ञांनी त्या धुतल्या तेव्हा ९३ छायाचित्रे वाचवता आली. जी थंडी यंत्राला मारते, तीच फिल्मवरील चित्र जपूनही ठेवते. म्हणूनच एव्हरेस्टच्या बर्फात हरवलेल्या त्या छोट्या कॅमेऱ्याची आशा अजून सुटलेली नाही.

या सर्व अनुभवांतून आजच्या गिर्यारोहकाने काय घ्यावे? पहिला नियम असा की, उपकरणे थोडी असावीत, पण हाताशी असावीत. चार भिंगे पिशवीच्या तळाशी पुरून ठेवणाऱ्यापेक्षा एक भिंग हाताच्या अंतरावर ठेवणारा अधिक चित्रे घेऊन परततो. अरुंद धारेवर पाठीवरची पिशवी उतरवून उघडणे धोक्याचे असते. म्हणून नित्य लागणारा कॅमेरा छातीवरच्या किंवा कमरेच्या मऊ अस्तराच्या लहान पिशवीत असावा, आणि त्याला एक मजबूत दोरी बांधलेली असावी. कड्यावर हातून सुटलेली वस्तू पुन्हा मिळत नाही. इतकेच नव्हे, तर ती खालून चढणाऱ्या सोबत्याच्या डोक्यावर पडू शकते.

दुसरा नियम भरणीचा. जड वस्तू पाठपिशवीत पाठीला लागून, खांद्याच्या पातळीजवळ ठेवाव्यात, म्हणजे तोल जात नाही. प्रत्येक भिंग वेगळे गुंडाळावे. गुंडाळण्यासाठी लोकरी टोपी व सुके मोजे यांचा उपयोग करावा, म्हणजे वेगळे अस्तर वाहावे लागत नाही. बर्फकुऱ्हाड, बुटांना बांधायचे लोखंडी काटे आणि इतर टोकदार साहित्य कॅमेऱ्यापासून दूर असावे. पाण्याची बाटली आणि कॅमेरा यांना तर एका कप्प्यात कधीही ठेवू नये.

तिसरा नियम थंडीचा. जास्तीचे विद्युतघट पिशवीत न ठेवता आतल्या सदऱ्याच्या खिशात ठेवावेत आणि रात्री झोपण्याच्या पिशवीत जवळ घ्यावेत. थंडावलेला घट काढून उबदार घट घालावा, आणि पहिला पुन्हा खिशात टाकावा. गोठलेल्या घटात मात्र वीज भरू नये. त्याने घट कायमचा बिघडतो.

चौथा नियम ओलाव्याचा. तंबूत शिरण्यापूर्वी, बाहेरच्या थंड हवेतच, कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड घट्ट बंद करावे. आत आणल्यावर पिशवी लगेच उघडू नये. दव पिशवीच्या बाहेरच्या अंगावर बसते, आणि कॅमेरा हळूहळू उबदार होईपर्यंत आतून कोरडा राहतो. पुष्कळजण रात्री कॅमेरा बाहेरच्या थंड भागातच, पिशवीत बंद करून ठेवतात आणि केवळ विद्युतघट आत आणतात, तेही याच कारणासाठी. भिंगावर बर्फाचे कण पडले तर तोंडाने फुंकर घालू नये. श्वासातील वाफ तेथेच गोठते. मऊ कुंचल्याने ते झटकावेत.

सह्याद्रीत चढणाऱ्यांना हिमाची भीती नाही. पण ओलाव्याच्या बाबतीत आपला पावसाळा हिमालयाला हार जाणार नाही. आषाढ-श्रावणात कळसूबाईच्या किंवा हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर पाऊस वरून पडतो आणि धुके चहूकडून आत शिरते. तेथे पिशवीवर बाहेरून आवरण असले तरी तेवढ्यावर विसंबू नये. आतही प्रत्येक वस्तू वेगळ्या जलरोधक पिशवीत हवी. घरी आल्यावर ओला कॅमेरा चामडी खोळीत तसाच ठेवणे ही सर्वांत मोठी चूक होय. दमट काळोखात भिंगाच्या काचेवर बुरशी धरते, आणि तिचे जाळे काच कायमची धुरकट करून टाकते. उपकरणे पुसून, वाऱ्यावर वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत.

पाचवा नियम सर्वांत साधा, आणि सर्वांत कठीणही. कॅमेरा माणसासाठी आहे, माणूस कॅमेऱ्यासाठी नव्हे. उतरताना अंधारू लागले, सोबत्याला भोवळ आली किंवा हवा बिघडली, तर वजन टाकून द्यावे आणि हात धरावा. चित्रपत्रिका मात्र काढून खिशात घ्यावी; तिचे वजन चिमूटभर असते. आणि मोहिमेत चित्रे घेणारे दोघे असतील, तर घेतलेली सर्व चित्रे एकाच्याच जवळ कधीही ठेवू नयेत.

२९ मे १९५३ च्या त्या सकाळी हिलरी यांनी तेनसिंग यांचे छायाचित्र घेतल्यानंतर सर्व दिशांना कॅमेरा फिरवून खाली उतरणाऱ्या धारांचीही चित्रे घेतली. आपण खरोखरीच माथ्यावर उभे होतो, याची साक्ष त्यांना न्यायची होती. मग तो कॅमेरा त्यांच्याबरोबर खाली उतरला. स्वतः हिलरी यांचे मात्र शिखरावरचे एकही छायाचित्र नाही. ज्याने साक्षीदाराला आपल्या छातीच्या उबेत जपले, तोच चित्रात दिसत नाही! मणिरंगच्या खिंडीत काचेच्या पेट्या वाहणारे भारवाहक आणि तिबेटच्या पठारावरून दार्जिलिंगकडे निघालेले निरोपे हेही चित्रात नाहीत. पर्वताचे प्रत्येक छायाचित्र अशाच न दिसणाऱ्या हातांनी खाली आणलेले असते. ते पाहताना शिखराबरोबर त्या हातांचेही स्मरण ठेवणे उचित होय.